कॉफीच्या डब्यातले छर्रे

“पोप आला तरी बूट झटकल्याशिवाय माझ्या फरशीवर पाय ठेवायचा नाही,” हार्लन टेश एकदा म्हणाला होता.

समोर पोप नव्हता, आमच्या चर्चचे फादर होते. चर्चमागच्या हॉलची फरशी आम्ही करत होतो आणि काम कुठवर आलं ते बघायला ते आले होते. हार्लनने त्यांना उलट्या बादलीवर बसवलं, पुढे कॉफीचा रिकामा डबा ठेवला. फादरनी शाळेतल्या मुलासारखं एकेक बूट काढून डब्यावर झटकले. डब्यात थोडा बर्फ पडला, दुसरं काही नाही. “आता या,” हार्लन म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं फादर ही गोष्ट लग्नाच्या जेवणांत सांगत राहिले. आमच्या शेबॉयगन गावात ती ऐकली नाही असा माणूस नसेल.

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. घरी जाऊन जोआनशी, म्हणजे माझ्या बायकोशी, काही कारण नसताना भांडलो. त्याच आठवड्यात मी एका इलेक्ट्रिशियनला अगदी हेच सांगितलं होतं. तो “बरं” म्हणाला आणि तसाच चालत पुढे गेला.

मी वेन्डल क्रोल. बावीस वर्षं मी हार्लनच्या शेजारी मशीन चालवलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्या पोटात जे जळत होतं ते बाजूला ठेवून लिहिता येणार नाही. तो मला त्याच उजेडात दिसत आला.

आमचं काम कुणी पाहत नाही. काँक्रीट ओतलं की त्याच्यावर दुधासारखी साय धरते. ती वाळते, कडक दिसते, पण आत तिच्यात दम नसतो. तिच्यावर लावलेलं कोटिंग वर्षभरात पापडासारखं सुटतं. म्हणून आधी आम्ही येतो. आमचं मशीन मोहरीएवढे पोलादी छर्रे फरशीवर जोरात मारतं. छर्रे साय फोडतात आणि उसळून परत मशीनमध्ये जातात, धूळ जाड नळीतून मागच्या पिंपात जाते. फरशीवर राहिलेले छर्रे आम्ही चुंबकाच्या झाडूने उचलतो. मागे उरते ती फिकी, खरखरीत, उघडी फरशी. ती दिवसभर दिसते, फार तर दोन दिवस. मग कोटिंगवाले येऊन ती झाकतात आणि फोटो त्यांच्या चकाकीचे निघतात. याचं मला कधी काही वाटलं नाही. माझा मत्सर कोटिंगवाल्यांपर्यंत पोचायचाच नाही. शेजारच्या मशीनपाशी तो सगळा खर्च व्हायचा.

हार्लन प्लिमथच्या बाहेर गाईंच्या शेतावर वाढला. बापाने गाई विकल्या तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तो शेबॉयगनच्या एका ओतशाळेत लागला. तिथे लोखंडी नळ, तवे, टब बंद खोलीत टांगून त्यांच्यावर असेच छर्रे मारत. अकरा वर्षं त्याने ते केलं. डावा कान तिथेच गेला. मग तो आमच्या कंपनीत आला आणि ज्या गोष्टीने कान गेला तीच हातात धरून पुढचं आयुष्य चालला. उंच होता, खांद्यातून वाकलेला. हात मात्र लहान, जवळजवळ बाईचे. कडक पावात सॉसेज आणि कच्चा कांदा, रोज तेच जेवण. कुणाला शाबासकी दिली नाही, कुणावर ओरडला नाही. त्याच्यात राग धरण्यासारखी एखादी तरी वाईट खोड असती तर माझं सोपं झालं असतं.

कानांवर जाड कप आम्ही सगळेच लावतो, त्यामुळे मशीन चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही. हार्लनला मनगटांतून ऐकू यायचं. चालता चालता तो थांबायचा, मशीन बंद करायचा, खिशातून लाल खडू काढून फुली मारायचा. “इथे मऊ आहे.” मी हातोडी घेऊन ठोकायचो. तिथे पोकळ वाजायचं. दरवेळी. त्याची पाठ वळली की फुली नसलेल्या जागीही मी ठोकून बघायचो, त्याच्याकडून सुटलेलं काही मिळतं का म्हणून. बावीस वर्षांत असं मी किती ठोकलं असेल. कधीच पोकळ वाजलं नाही.

फरशी किती खरखरीत हवी ते ठरवायला नंबर घातलेल्या रबराच्या चकत्या असतात, नंबर मोठा तितकी खरखर जास्त. एका हाताखाली चकती, दुसऱ्या हाताखाली फरशी, आणि दोन्ही सारख्या लागायला हव्यात. हार्लनच्या चकत्या पाकिटातून कधी बाहेर आल्या नाहीत. तो खाली बसून बोटांची मागची बाजू फरशीवरून फिरवायचा.

“तीन,” तो म्हणायचा. “दाराशी चार झालंय, वेन्डल. तिथे थांबला होतास का?”

“नाही.”

“बरं.”

मी थांबलो होतो. नाक खाजवायला.

मशीनचे पट्टे एकमेकांना नीट भिडले नाहीत तर मध्ये ओळी राहतात. आमच्याकडच्या शेतांसारख्या सरळ, लांब ओळी.

“काय वेन्डल, मका पेरलास?”

“वरून कोटिंग येणारे. कोण बघतंय?”

“कोटिंग पातळ असतं रे. मका वर येतो.”

असं म्हणून तो माझ्या ओळींवरून पुन्हा मशीन न्यायचा, अगदी शांतपणे, आणि बर्टाला कधी सांगायचा नाही. बर्टा सीबोल्ड आमची मालकीण. त्याने एकदा तरी जाऊन चुगली करावी असं मला फार वाटायचं.

आणखी एक होतं. मी बुटका आहे. पँट नवी घेतली की खाली चार बोटं दुमडतो. जोआन म्हणते कापून देते, पण ते राहून जातं. छर्रे अशा दुमडीत जाऊन बसतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी दुमडलेली पँट घालत नाही, मी सोडून. फरशीवर राहिलेला एक छर्रा कोटिंगखाली गंजतो आणि महिन्याभराने वर डाग येतो.

“ती दुमड काप,” हार्लन वर्षातून एकदा म्हणायचा. “बी घेऊन हिंडतोयस.”

“मी बूट झटकतो की.”

“बूट झटकतोस, पँट नाही.”

“बावीस वर्षांत काही झालंय?”

“मी कुठे काय म्हणालो. उगवलं की बघू.”

कोटिंगचं काम नेंग वांग करायचा. तो मोंग आहे, आग्नेय आशियातून इकडे येऊन वसलेल्या लोकांतला, चौतिशीचा, हात चपळ, जिभेला धार. हार्लनला तो त्यांच्या भाषेत बापाच्या मोठ्या भावाला म्हणतात त्या शब्दाने हाक मारायचा. थोरले काका. मला वेन्डल. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो आहोत. हार्लन मार्चमध्ये, मी मेमध्ये.

माझी फरशी ताब्यात घेतली की नेंग आधी तिच्यावरून व्हॅक्यूम फिरवायचा. हार्लनच्या फरशीवर तो थेट प्रायमर ओतायचा. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेना.

“माझ्याच फरशीवर का फिरवतोस रे ते?” मी एकदा विचारलं.

“सवय.”

“हार्लनच्या नाही फिरवत.”

“थोरले काका चुंबकाचा झाडू दोनदा फिरवतात. उभा, मग आडवा.”

“मीपण दोनदाच फिरवतो.”

“हो, बघितलंय मी,” नेंग म्हणाला आणि व्हॅक्यूम चालू केला.

घरातही तेच. आमचं कपडे धुण्याचं यंत्र गुरगुरायला लागलं. मी ते मागून उघडून बसलो होतो. जोआन दारात उभी राहून म्हणाली, “हार्लनला बोलव ना. त्याला हात लावून कळेल.” तिच्या मनात काही नव्हतं. नव्हतं हे मला ठाऊक होतं, म्हणून ते जास्त लागलं. हार्लन आला, यंत्रावर तळवा ठेवून दोन मिनिटं उभा राहिला, म्हणाला, “पट्टा.” पट्टाच होता. त्यानंतर आर्लिस, म्हणजे त्याची बायको, आणि तो आमच्याकडे पत्ते खेळायला थांबले. आमच्या त्या खेळात राण्या सगळ्यांत मोठ्या असतात. दोन त्याच्याकडे निघाल्या.

मग बर्टाने नवं मशीन घेतलं, जुन्याच्या दुप्पट रुंद. ते त्याला मिळालं.

“तुला जुनंच बरं पडतं, नाही का, वेन्डल?” बर्टा म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.

त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. त्याची नोकरी मला नको होती, मशीनही नको होतं. मला तो एकदा चुकलेला बघायचा होता. लहानशी चूक, तळहाताएवढी, जिच्यापाशी उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणू शकलो असतो, “असू दे हार्लन, होतं असं.” हे वाक्य मी ट्रकमध्ये एकटा असताना म्हणून बघायचो. आवाज कुठे हळू करायचा तेही ठरलेलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात प्लिमथजवळच्या एका चीजच्या कारखान्याचं काम आलं. पॅकिंगची खोली आणि बाहेरचा बोळ. मॅनेजर कोलीन राउ नावाची बाई होती. तिला खोलीत सायीच्या रंगाचं पातळ कोटिंग हवं होतं, मुंगी चालली तरी दिसावी असं. तिने बर्टाला फोनवर सांगितलं, खोली हार्लन टेशने करायची, दुसऱ्या कुणी नाही. बोळासाठी तिने नाव सांगितलं नव्हतं. बोळ मला मिळाला.

शुक्रवारी तीनच्या सुमारास हार्लनची खोली झाली. चुंबकाचा झाडू उभा फिरवला, आडवा फिरवला. दाराशी बादलीवर बसून बूट डब्यावर झटकले. मग चौकटीवर लाल पट्टी आडवी लावली. पट्टी लागली म्हणजे नेंग येईपर्यंत आत कुणी जायचं नाही. नेंग शनिवारी सकाळी येणार होता.

“मासे खायला चाललोय,” हार्लन म्हणाला. आमच्याकडे शुक्रवारी सगळे मासेच खातात. “आर्लिस तिथेच भेटेल. जोआनला घेऊन ये ना तूही.”

“हा पट्टा संपवतो.”

“मग ये. जागा धरून ठेवतो.”

मी पट्टा संपवला. मशीन बंद केलं, कप काढले. कारखाना बंद होता, कुठेतरी एक नळ ठिबकत होता. मी टॉर्च घेतला आणि लाल पट्टीखालून वाकून आत गेलो.

पश्चिमेच्या खिडकीतून उजेड आडवा येत होता. असा उजेड फरशीची प्रत्येक खोट दाखवतो. सगळी खोली एका रंगाची होती, राखेचा तो रंग ज्यात अजून थोडी ऊब आहे असं वाटतं. ओळ नाही, पट्टा नाही, कुठे सुरू केलं आणि कुठे संपवलं ते कळत नव्हतं. मी दारापासून चार पावलांवर एक गुडघा टेकला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी उजवाच टेकतो. टॉर्च जमिनीसरसा धरला, चकती ठेवली, हात फिरवला. तीन. मग मधल्या गटाराच्या जाळीपाशी. तीन. मग पार पलीकडच्या कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात मशीन पोचत नाही आणि तिथे हाताने घासावं लागतं, तिथे माणूस कंटाळतो. तिथेही तीनच. त्या कोपऱ्यात मी बराच वेळ गुडघ्यावर होतो. जी फरशी उद्या सकाळी झाकली जाणार, जी बघायला माझ्याशिवाय कुणी येणार नव्हतं, तिच्या कोपऱ्यातही त्याने स्वतःला सूट दिली नव्हती.

मी बूट झटकून आत गेलो नव्हतो, पँटही नाही. मनातच आलं नाही. मी कामाला गेलो नव्हतो ना, नुसता बघायला गेलो होतो. फादरही बघायलाच आले होते, हे नंतर सुचलं.

मासे खायला मी गेलो नाही.

पाच आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, बर्टाने आम्हाला त्या खोलीत बोलावलं. मी पोचलो तेव्हा ती, कोलीन आणि नेंग आत उभे होते. सायीच्या रंगाची फरशी आरशासारखी होती आणि तिच्यावर तपकिरी डाग आले होते. मसुराएवढे, प्रत्येकाभोवती पिवळट कडं. दारापासून सुरू होऊन आत गेलेले.

मला काय झालं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. छातीत काहीतरी सैल झालं, बावीस वर्षं आवळलेलं. चेहरा दिसू नये म्हणून मी खाली वाकून डाग बघत राहिलो.

“छर्रे आहेत,” नेंग म्हणाला. “गंजून वर आलेत.”

“तू व्हॅक्यूम फिरवलास?” बर्टाने विचारलं.

“थोरल्या काकांची फरशी होती.”

“म्हणजे नाही.”

“नाही.”

“मी नाव सांगून माणूस मागितला होता,” कोलीन म्हणाली. “दुसऱ्याच कुणाला पाठवलं होतं का?”

“नाही. तोच होता,” मी म्हणालो.

हार्लन आला. हातात डबा होता. दाराशी कुणाची तरी बादली पालथी पडली होती, तिच्यावर बसून त्याने सवयीने बूट काढले आणि झटकले. त्या दिवशी आम्ही कुणीच मशीनला हात लावला नव्हता. डब्यात काहीच वाजलं नाही. कोलीनने बर्टाकडे बघितलं.

“हार्लन, हे बघ,” बर्टा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “यांना सगळी खोली परत करून हवीय. आणि तुझ्या हातून नको म्हणतायत. मी काय सांगू त्यांना?”

हार्लन पहिल्या डागाशी उकिडवा बसला. त्याने बोटांची मागची बाजू डागावर ठेवली. त्याची मान मागून दिसत होती, म्हाताऱ्या माणसाची मान, आणि ती लाल होत गेली. बावीस वर्षांत मी त्याला लाजलेला पाहिला नव्हता. मी पुढे झालो. खांद्यावर हात ठेवला.

“असू दे हार्लन, होतं असं.”

मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. त्याने उजवा कान वळवून माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणालास?”

मला ते पुन्हा म्हणावं लागलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जिथे हळू करायचा तिथे झाला नाही.

तो उठला. डागांच्या बाजूने आत चालायला लागला. त्याचं पाऊल लांब, ते डागांशी जुळेना. थांबला. मागे आला. मग पावलं आखूड करून चालला, आणि आता पावलागणिक एक-दोन डाग बरोबर त्याच्या बुटाशी येत गेले. दारापासून चार पावलांवर डागांचा झुबका होता. जाळीपाशी दुसरा. कोपऱ्यात तिसरा, सगळ्यांत दाट, जणू तिथे कुणी मूठभर सांडले होते. त्या कोपऱ्यात हार्लनने डावा गुडघा टेकून बघितला. तो उचलला आणि उजवा टेकला. झुबका नेमका त्याच्या उजव्या घोट्यामागे आला, पँटची कड जिथे जमिनीला लागते तिथे.

तसाच तो थोडा वेळ बसून राहिला, उजव्या गुडघ्यावर, एक हात फरशीसरसा पुढे, त्यात टॉर्च असल्यासारखा. त्या कोपऱ्यात बसलेलं मी स्वतःला पहिल्यांदा बघत होतो.

“काय झालं?” बर्टा म्हणाली. “हार्लन, काहीतरी बोल.”

मी बोलू शकत होतो. तोंड उघडलं होतं. वाटलं, आता तो सांगेल, सांगू दे, त्याचा हक्क आहे. त्याने सांगितलं असतं तर मी चिडलो असतो आणि चिडून मला बरं वाटलं असतं.

हार्लन उठून परत आला, डाग चुकवत. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या पँटच्या दुमडीकडे बघितलं. ती तीच पँट होती. मग नेंगने तिकडे बघितलं, आणि मग बर्टाने.

हार्लनने खाली वाकून कॉफीचा डबा उचलला, माझ्या पायांपुढे ठेवला, बादली पायाने माझ्याकडे सरकवली, आणि दारातून बाहेर गेला.